परतलेला पक्षी आणि आणलेला पक्षी

इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व चिजा घेऊन आला, त्यांत एक टर्की नर होता. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो गोव्यास पोचला होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे मोठ्या कुतूहलाने वर्णन केले आणि दरबारी चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याला माणसाळवले मेक्सिकोतल्या लोकांनी. पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा मानून 'टर्की' म्हटले, तुर्कांनी 'हिंदी' म्हटले, फ्रेंचांनी 'दँद' म्हणजे हिंदुस्थानचा म्हटले आणि पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटले. चार भाषांनी त्याला तीन देश दिले आणि त्याचा खरा देश एकीनेही दिला नाही.

नावांची ही गंमत कोशकारांपुरती राहिली असती तर आम्ही तिचा येथे उल्लेख केला नसता. परंतु 'हा पक्षी कुठला?' हा प्रश्न अमेरिकेत आज कायद्याचा, पैशाचा आणि इतर जीवांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न झाला आहे. रानटर्कीचे तेथे जे 'व्यवस्थापन' चालते, त्याचा इतिहास अमेरिकन वन्यजीव संवर्धनाच्या सर्वांत यशस्वी अध्यायांपैकी एक म्हणून सांगितला जातो. ते यश आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो त्या यशाच्या भाषेला. दोन अगदी भिन्न कृती, म्हणजे हरवलेला पक्षी त्याच्या रानात परत आणणे आणि जेथे तो कधी नव्हताच तेथे नेऊन सोडणे, ही भाषा एकाच शब्दात बसवते, आणि त्या एका शब्दाची किंमत तेथल्या मूळ प्राण्यांना मोजावी लागते. शब्दांच्या अशा वापराची चिकित्सा करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम यशाची बाजू पाहू. ऑड्युबॉनच्या पक्षीचित्रांच्या प्रसिद्ध महाग्रंथात पहिलेच चित्र रानटर्कीच्या नराचे आहे. त्या ग्रंथाचे प्रकाशन १८२७ साली सुरू झाले, आणि त्याच सुमारास हा पक्षी पूर्वेकडच्या राज्यांतून झपाट्याने नाहीसा होत होता. जंगले तोडली जात होती आणि बाजारात मांस विकण्यासाठी बाराही महिने शिकार चालत होती. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा मूळ टर्की १८५१ साली माउंट टॉमवर मारला गेला. विस्कॉन्सिनमधला शेवटचा १८८१ साली दिसला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुख्यतः दक्षिणेकडच्या दलदलींत आणि दुर्गम डोंगरी रानांत उरला होता.

त्याला परत आणण्याचे पहिले प्रयत्न फसले. खुराड्यात वाढवलेले पक्षी हजारोंनी रानात सोडले गेले, पण त्यांना ना शत्रूची ओळख होती ना पिलांना सांभाळण्याचा सराव. १९५० च्या दशकात लहान तोफांनी उडवायचे जाळे वापरात आले आणि एका रानातले खरे रानटी पक्षी जिवंत पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडणे शक्य झाले. विस्कॉन्सिनने १९७६ मध्ये मिसूरी राज्यातून २९ टर्की आणून व्हर्नन परगण्यात सोडले. मोबदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राउझ हे पक्षी दिले. दोन राज्यांनी पक्ष्यांची अशी देवाणघेवाण करावी, हे आपल्याकडच्या वाचकाला नवलाचे वाटेल, पण त्या काळी असे सौदे सर्रास झाले. १९८३ मध्ये विस्कॉन्सिनने वसंतातल्या शिकारीचा पहिला हंगाम जाहीर केला. देशपातळीवर पाहिले तर १९७३ मध्ये, नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा, सुमारे १३ ते १५ लाख रानटर्की होते. चालू शतकाच्या पहिल्या दशकात तो आकडा ६५ लाखांच्या पुढे गेला.

हे कोणी केले? प्रामाणिक उत्तर असे की शिकाऱ्यांनी केले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर, शिकार हा जवळजवळ सर्वस्वी गुन्हा आहे, आणि आपल्या मनात शिकारी व संवर्धक ही दोन परस्परविरोधी पात्रे आहेत. अमेरिकेत ती दोन्ही पात्रे एकच माणूस वठवतो. १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि दारूगोळा यांवरच्या अबकारी कराचा (लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर हा दर ११ टक्के आहे) पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांसाठी राखून ठेवला. परवान्यांचे शुल्क अन्यत्र वळवणार नाही, अशी हमी राज्यांकडून घेतली. राज्याराज्यांत वाटप करताना निम्मी रक्कम क्षेत्रफळानुसार आणि निम्मी शिकार-परवाने घेणाऱ्यांच्या संख्येनुसार द्यावयाची, असे सूत्र ठरले. या पैशातून जीवशास्त्रज्ञ नेमले गेले, जमिनी घेतल्या गेल्या, जाळी उडाली, पक्षी परतले. ज्यांनी मारले त्यांच्याच वारसांनी पैसे भरून परत आणले, ही गोष्ट कोणत्याही देशाच्या इतिहासात सहज सापडणारी नाही.

पण त्या सूत्राचा दुसरा अर्धा भाग पुन्हा वाचावा. परवान्यांची संख्या जितकी अधिक, तितका निधी अधिक. आणि परवाने वाढवायचे तर लोकांना मारावीशी वाटतील अशी पाखरे हवीत. येथे संवर्धनाच्या यंत्रणेला एक विशिष्ट प्रकारची नजर मिळते. ही नजर दुष्ट नाही, परंतु ती निवडक आहे.

ही निवड भाषेत स्पष्ट दिसते. इंग्रजीत शिकारीच्या प्राण्याला 'गेम' म्हणतात, म्हणजे खेळ आणि ज्याच्याशी खेळायचे तो जीव, दोन्ही एकाच शब्दात. आपली मराठी याबाबत फार सोवळी आहे असे नव्हे. 'शिकार' ही क्रियाही आहे आणि 'आज मोठी शिकार मिळाली' म्हणताना मेलेला प्राणीही. तरी मराठीत 'सावज' हा वेगळा शब्द आहे आणि त्यात जीव घेतला जात असल्याचे भान आहे. अमेरिकन अधिकृत कागदपत्रांत मात्र पक्षी मारला जात नाही, त्याचे 'हार्वेस्ट' होते, म्हणजे कापणी. ज्याची कापणी व्हायची ते अर्थातच पीक. आणि जे प्राणी या पिकात मोडत नाहीत, त्यांना 'नॉनगेम' असे नाव आहे. बेडूक, सरडे, गाणारे पक्षी, नदीतले शिंपले अशा असंख्य जीवांची एकमेव व्याख्या ही की त्यांच्यावर कोणी गोळी झाडत नाही! जीवसृष्टीच्या फार मोठ्या भागाला नकाराने नाव देणारी ही भाषा आहे, आणि नकाराने ज्याचे नाव ठेवले जाते त्याच्या वाट्याला निधीही बहुधा नकारच येतो.

या भाषेचा एक कर्ता आल्डो लिओपोल्ड, हे येथे विसरता येत नाही. १९३३ मध्ये 'गेम मॅनेजमेंट' हा त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या विषयाचे प्राध्यापक झाले. जमिनीतून दरवर्षी घेता येणारे पीक म्हणून शिकारीच्या प्राण्यांकडे पाहण्याची दृष्टी त्या ग्रंथाने रूढ केली. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक'मधले लिओपोल्ड याच दृष्टीच्या पलीकडे गेलेले आहेत. तेथे जमीन हे शेत नसून माती, पाणी, झाडे, प्राणी यांचा एक समाज आहे आणि माणूस त्या समाजाचा मालक नसून सदस्य आहे. आमच्या विद्यापीठांतून पर्यावरण आणि साहित्य हा विषय शिकवताना दुसरे पुस्तक वाचले जाते आणि पहिल्याचे नावही घेतले जात नाही. आमच्या मते दोन्ही शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. कारण खाती अजूनही पहिल्या पुस्तकाच्या भाषेत कामकाज करतात आणि समारंभात दुसऱ्या पुस्तकाचे नाव घेतात.

आता पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियात जाऊ. रानटर्की तेथला नव्हे. तरीही शिकारीसाठी तो तेथे आणावा अशी खटपट एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. १९०८ पासून खुराड्यातले पक्षी सोडून पाहिले गेले आणि इतरत्र आला तोच अनुभव आला. १९५९ पासून राज्याच्या खात्याने टेक्ससमधल्या रिओ ग्रांदे उपजातीचे रानटी पक्षी पकडून आणून सोडण्यास प्रारंभ केला, आणि हे काम चार दशके चालले. आता किनाऱ्यालगतच्या टेकड्यांपासून सिएरा नेवाडाच्या पायथ्यापर्यंत ओकच्या माळरानांत हा पक्षी पसरला आहे. शहरांच्या रस्त्यांवर आणि विद्यापीठांच्या आवारांतही तो फिरताना दिसतो.

पुरस्कर्ते एक युक्तिवाद करतात. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रिया येथील डांबराच्या खड्ड्यांत टर्कीची पुष्कळ हाडे सापडली आहेत. तेव्हा हा पक्षी पूर्वी येथे होताच, आम्ही केवळ त्याला परत आणले, असे ते म्हणतात. पण ती हाडे 'मेलिअॅग्रिस कॅलिफोर्निका' या वेगळ्या जातीची आहेत आणि ती जात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाली. दहा हजार वर्षांत ओकची रानेही बदलली, त्यांतले भिडूही बदलले. मेलेल्या चुलत्याच्या नावावर दूरच्या पुतण्याने घराचा ताबा मागावा, तसा हा दावा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७० च्या दशकात टर्की परतला, तेव्हा त्याला गेल्याला सव्वाशे वर्षेही झाली नव्हती, आणि परतली ती त्याचीच जात. या दोन घटनांना एकच क्रियापद लावता येत नाही.

मग या आणलेल्या पक्ष्याने मूळ प्राण्यांचे काय केले? येथे अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे, कारण ती दोन्ही बाजूंनी होते. दक्षिणेकडच्या राज्यांत लावे कमी झाले की शिकारी टर्कीला दोष देतात, तो अंडी आणि पिले खातो म्हणतात. अभ्यासांनी या तक्रारीला दुजोरा दिलेला नाही; लाव्यांचा घात केला आहे तो मुख्यतः बदललेल्या शेतीने आणि नाहीशा झालेल्या झुडपी गवताळ जागांनी. मक्याच्या शेतांच्या नुकसानीचेही तसेच. शेतात दिवसाढवळ्या टर्की दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी येतो. खरे नुकसान बव्हंशी रात्री येणारी हरणे आणि रॅकून करून गेलेली असतात.

तथापि कॅलिफोर्नियाचा प्रश्न निराळा आहे. टर्की हा मोठा, कळपाने फिरणारा, पालापाचोळा पायांनी उकरून खाणारा पक्षी आहे. ओकची फळे, बिया, कोवळे अंकुर, कीटक आणि सापडले तर लहान सरडेसुद्धा त्याला चालतात. ज्या फळांवर सुतार पक्षी, खारी, हरणे आणि कितीतरी लहान जीव हिवाळा काढतात, त्यांत हा एक नवा वाटेकरी आला. त्यातच १९९० च्या दशकापासून किनाऱ्याजवळच्या ओक वृक्षांना एका साथीच्या रोगाने ग्रासले आहे. टर्कीमुळे अमुक एक प्राणी नामशेष झाला असे मुख्यभूमीवर दाखवता येत नाही, आणि खाती याच गोष्टीचा आधार घेतात. आमचे म्हणणे असे की सिद्धतेचा भार चुकीच्या खांद्यावर ठेवला गेला आहे. जो परका पक्षी मुद्दाम आणून सोडला, त्याच्यामुळे हानी होणार नाही हे सोडणाऱ्याने आधी दाखवले पाहिजे. हानी झाली हे सरड्याने आणि सुतार पक्ष्याने नंतर सिद्ध करावे, हा न्याय नव्हे.

आणि नुकसान कोणत्या वाटेने येते, हे आधी सांगता येत नाही, याचा दाखला कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यासमोरच्या सांताक्रूझ बेटाने दिला आहे. या बेटावर मांजराएवढे लहान, जगात अन्यत्र कोठेही नसलेले खोकड राहते. बेटावरचे पांढऱ्या डोक्याचे गरुड डीडीटीच्या विषाने विसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसे झाले. बेटावर पूर्वी माणसांनी आणलेली डुकरे रानटी होऊन माजली होती. मासे खाणारा गरुड गेला, जागा मोकळी झाली, डुकरांची पिले आयतीच होती. त्यामुळे १९९० च्या दशकात मुख्यभूमीवरून सोनेरी गरुड आले आणि राहिले. डुकरांच्या जोडीने ते खोकडेही उचलू लागले. इ. स. २००० च्या सुमारास या बेटावरच्या खोकडांची संख्या शंभराच्या आत आली.

मग सुरू झाले दुरुस्तीचे काम. सोनेरी गरुड पकडून दूर नेले, पांढऱ्या डोक्याचे गरुड परत आणले, खोकडांची पिंजऱ्यांत पैदास केली आणि २००५–०६ मध्ये पाच हजारांहून अधिक डुकरे मारली. आणि डुकरे गेल्यावर टर्की वाढले! १९७० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी येथे सोडलेले हे पक्षी इतकी वर्षे मूठभरच राहिले होते. आता ते वाढून सोनेरी गरुडांना पुन्हा अन्न पुरवतील आणि खोकडांचा काळ पुन्हा ओढवेल, ही भीती उभी राहिली. तेव्हा राष्ट्रीय उद्यान सेवा आणि नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने बेटावरून टर्की हटवले. २०१६ साली हे खोकड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आले. टर्कीने खोकडाला कधी चोचही मारली नव्हती. तरी दोघांचे भवितव्य एका गरुडाच्या भुकेने बांधलेले होते. अशी साखळी 'हार्वेस्ट'च्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायची?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शिकाऱ्याने पैसा दिला नसता तर हे खोकड वाचवणारे जीवशास्त्र तरी कोठून आले असते? शिवाय पक्ष्याकडे बारकाईने पाहणारे डोळे बहुधा शिकाऱ्याचेच असतात. गेल्या काही वर्षांत आग्नेयेकडच्या राज्यांत, म्हणजे टर्कीच्या अस्सल माहेरी, त्याची पिले कमी जगत असल्याचे दिसते आहे. त्याची पहिली ओरड रानात पहाटे बसून मादीच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या शिकाऱ्यांनीच केली. वसंतातला हंगाम लवकर उघडल्यास जोड्या जुळण्यापूर्वीच बलिष्ठ नर मारले जातात काय, हा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. टेनेसीने २०२३ पासून हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि एका शिकाऱ्याला तीनऐवजी दोनच नर मारण्याची मुभा ठेवली. स्वतःच्या हौसेला आवर घालणारी ही शिस्त आदरास पात्र आहे.

आम्ही तो आदर देतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. माहेरच्या रानात टर्की घटला तर त्याची चिंता करणे हे संवर्धन आहे. परक्या रानात तो घटला तर त्याची चिंता करणे हा केवळ उत्पन्नाचा हिशेब आहे. एकच खाते, एकच निधी आणि एकच शब्दसंग्रह दोन्ही चिंता सारख्याच गांभीर्याने वाहतो, ही अडचण आहे. कॅलिफोर्नियाच्या खात्याने २०१३ साली आपल्या नावातला 'गेम' हा शब्द काढून तेथे 'वाइल्डलाइफ' हा शब्द घातला. पाटी बदलणे क्षुल्लक नाही. पण पाटीमागचे निधीचे सूत्र तेच राहिले. सावज नसलेल्या प्राण्यांसाठी मोठा स्वतंत्र निधी देऊ पाहणारे एक विधेयक २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात संमत झाले, आणि सिनेटमध्ये अडून पडले. ज्यांचे नाव नकाराने ठेवले, त्यांच्या बाजूने बोलणारा परवानाधारक नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. परतलेला पक्षी आणि आणलेला पक्षी यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. जेथे टर्की मूळचा आहे तेथे शिकाऱ्यांनी त्याचे व्यवस्थापन पूर्वीसारखेच करावे. जेथे तो आणलेला आहे तेथे तो यापुढे नव्या जागी सोडू नये. मुख्यभूमीवरून त्याला आता पूर्ण काढणे अशक्यप्राय आहे हे मान्य करून शिकारीचा उपयोग त्याला आवर घालण्यासाठी उघडपणे करावा, आणि परवान्यांच्या उत्पन्नातला ठराविक वाटा ज्यांच्या रानात तो घुसला त्या मूळ जीवांच्या अभ्यासाला द्यावा.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून आपल्याला बाजूला सारता येणार नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले गेले, तेव्हा आपल्याही वृत्तपत्रांनी 'चित्ता परतला' असेच लिहिले. भारतात जो होता तो आशियाई चित्ता; आला तो आफ्रिकेचा. तो आणणे योग्य की अयोग्य, याचा वाद स्वतंत्रपणे व्हावा. पण तो प्रामाणिकपणे व्हायचा असेल तर आधी क्रियापद दुरुस्त करावे लागेल. आमच्या विद्यार्थ्यांनी कविता आणि कादंबऱ्या ज्या सूक्ष्मतेने वाचाव्यात अशी आपण अपेक्षा धरतो, त्याच सूक्ष्मतेने खात्यांचे अहवाल, हंगामांची पत्रके आणि यशोगाथा वाचण्याची सवय त्यांना लावली पाहिजे. कोणत्या प्राण्याला नाव मिळाले, कोणाला नकार मिळाला आणि 'परत' हा शब्द कोणाच्या सोयीसाठी वापरला गेला, एवढे तीन प्रश्न जरी वर्गात विचारले गेले, तरी पुष्कळ काम होईल.